खर्जाची तार आणि काकांचा बास

जरा मोठं लिहिलंय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

ऑगस्ट २०२४च्या पुराची गोष्ट आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि ज्यांच्या घरी कधी पाणी आलं नव्हतं त्यांच्याही घरी आलं. माझ्या चुलतभावाचं घर समा भागात, तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे चिखल काढायला गेलो. फ्रीज गेला, सोफा गेला, कपाटातले फोटो गेले. आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभा असलेला काकांचा डबल बास सगळ्या सांध्यांतून उकलला होता. पोट एकीकडे, पाठ एकीकडे, कडेच्या पट्ट्या भलतीकडेच. भाऊ म्हणाला, "ताई, हे भंगारात देऊन टाकू. आता कोण वाजवणारे?"

मी म्हटलं, थांब जरा.

हे लिहायला बसले ती त्या "थांब जरा"मुळे. आपल्या बडोद्याच्या संगीताबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्यात मागे उभं राहून खालचा सूर धरणारी माणसं कधी येत नाहीत. आज त्यांच्याबद्दल.

आधी थोडं बडोद्याचं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्ष यांनी इथे गायनशाळा सुरू केली. आज तिचंच रूप म्हणजे आपल्या युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी. मौलाबक्ष यांनी गाणं कागदावर लिहायची पद्धत बसवली, पुस्तकं काढली. त्यांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ पठाण लंडनला जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आले. त्यांचे नातू इनायत खाँ याच बडोद्यात १८८२ साली जन्मले, १९१० साली परदेशी गेले आणि पुढे सूफी गुरू म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. संस्थानचा बँडही होता, आणि नंतरच्या काळात फ्रेडिलिस नावाचे युरोपियन बँडमास्तर त्याचे प्रमुख होते. १९१६ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने देशातली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती बडोद्यातच. म्हणजे एकाच गावात एका बाजूला ख्याल-धृपद आणि दुसऱ्या बाजूला पितळी वाद्यांचा बँड, आणि दोन्हींचा पगार एकाच खजिन्यातून.

आमचे आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी संध्याकाळी कमाटीबागेत बँड ऐकायला माणसं जायची. आजोबा स्वतः गायनशाळेत शिकलेले, पण गवई झाले नाहीत. कचेरीत कारकून आणि संध्याकाळी कोणाकोणाच्या मागे तंबोऱ्यावर. मिरजेचा तंबोरा होता घरी. त्याला आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती, ऐकायची होती.

बँडबद्दल बोलताना आजोबा एक प्रश्न विचारायचे. तो मला तेव्हा कळला नव्हता, आता कळतो. "आपल्या रागात तर कॉर्ड नसतात. मग बँडवर भूप बसवायचा तर त्या सगळ्यात मोठ्या पितळी वाद्याला वाजवायला द्यायचं काय?" वरचे क्लॅरिनेटवाले भूप वाजवतील, मधले साथ करतील, पण सगळ्यात खालच्याचं काय? उत्तर ते स्वतःच द्यायचे. "सा आणि प. म्हणजे तंबोराच झाला की तो. फुंकायचा तंबोरा."

आजोबांचं हे वाक्य आमच्या घरात पुढे फार कामाला आलं.

आमचे धाकटे काका एका मोठ्या केमिकल कारखान्यात फिटर होते. १९५९-६०च्या सुमारास त्यांची ओळख रेल्वेतल्या एका गोवेकर अंकलशी झाली. हे अंकल दिवसा रेल्वेच्या ऑफिसात आणि रविवारी चर्चमध्ये व्हायोलिनवर. पण त्यांचं खरं प्रेम डबल बासवर. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना सूर ओळखणं, व्हायोलिन वाजवणं आणि पाश्चात्त्य नोटेशन वाचणं शिकवायचे. त्यामुळे गोव्याचा एखादा मुलगा मुंबईत उतरला की नोटेशन वाचता येतं एवढ्यावर त्याला हॉटेलच्या बँडमध्ये नोकरी मिळायची.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५-३६च्या सुमारास लिऑन अ‍ॅबी यांचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड आला आणि तिथल्या पोरांनी जॅझ पहिल्यांदा समोर बसून ऐकला. नंतर टेडी वेदरफर्ड आले. या लोकांच्या शेजारी उभं राहून गोवेकर वादक शिकले. त्यांच्यातलेच एक आल्दोनचे अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रंपेटवाले चिक चॉकलेट. आणि इथे आपल्या मराठी माणसाचा संबंध येतो, तो म्हणजे सी. रामचंद्र. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. शिकले पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात, आणि सिनेमात आल्यावर चिक चॉकलेटना हाताशी धरून 'अलबेला'सारखा सिनेमा १९५१ साली असा काही वाजवला की पब्लिक खुर्च्यांवर नाचलं. चिक त्या सिनेमात आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात.

अंकल काकांना सांगायचे, "तू गाणं ऐकतोस ते ट्रंपेट ऐकतोस. आता त्याच्या खाली काय चाललंय ते ऐक."

पण ऐकणार कसं? आमच्या घरचा रेडिओ होता व्हॉल्व्हचा, पुढे जाळीदार कापड, आत छोटा स्पीकर. काकांनी मला नंतर समजावलं होतं. तंबोरा काळी एकच्या पट्टीत लावला तर खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ वेळा थरथरते. डबल बासची सगळ्यात जाड तार साधारण ४१ वेळा. तेवढा खालचा सूर त्या छोट्या स्पीकरमधून निघतच नाही. जुन्या तव्यांवरही तो नीट उतरायचा नाही. मग आपल्याला ऐकू येतं ते काय? त्या सुराचे वरचे वरचे अंश येतात, आणि खालचा मूळ सूर आपला कान स्वतःच भरून काढतो. म्हणजे बासवाल्याने वाजवलेलं अर्धं तो वाजवतो आणि अर्धं ऐकणाऱ्याचा कान. काका म्हणायचे, "आमचा पगारही तसाच, अर्धाच."

सिनेमाच्या पाट्यांवर संगीतकाराचं नाव यायचं, कधी सहायकाचं. वाजवणाऱ्या पन्नास-साठ जणांचं नाही. त्यातही ट्रंपेट, व्हायोलिन, सतार यांची नावं निदान कर्णोपकर्णी तरी पसरायची. बासवाल्याचं विचारायलाच कोणी जात नसे.

काकांनी १९६२ साली मुंबईहून जुना डबल बास आणला. एका हॉटेलचा बँड बंद पडला होता, त्यातला. आता हे बँड का बंद पडत होते, तर त्याचं एक मोठं कारण दारूबंदी. १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा आला, आणि त्याच वर्षी १ मे रोजी आपलं बडोदा संस्थानही मुंबई राज्यात विलीन झालं. जॅझ चालतो तो हॉटेलच्या डान्स फ्लोअरवर, आणि तो डान्स फ्लोअर चालतो बारच्या पैशावर. बार बंद झाला की पहिली कुऱ्हाड वादकांवर. कोणी कलकत्त्याला गेले, कोणी सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. पुढे १९६० साली गुजरात वेगळा झाला तो दारूबंदीसकट. त्यामुळे आपल्या बडोद्यात जॅझचा क्लब असा झालाच नाही. जॅझ शिकलेला बासवाला इथे जाणार कुठे? तर गणपतीच्या ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या रिसेप्शनला, आणि नवरात्रात गरब्याला. हे आमच्या काकांचं सगळं करिअर.

तो बास घरी आला तो दिवस मी पाहिलेला नाही, पण ऐकून पाठ आहे. स्टेशनवरून टांग्यात. सहा फुटांचा ऐवज आडवा मावेना, म्हणून तो मागे बसवलेला, आणि काका टांगेवाल्याशेजारी उलटे बसून त्याला धरून. दांडिया बाजारातून टांगा गेला तेव्हा ओटल्यावरच्या बायका म्हणाल्या, यांच्याकडे नवीन कपाट आलं वाटतं.

आजोबा पहिले दोन दिवस बोललेच नाहीत. घरात तंबोरा असताना हे धूड कशाला, असा भाव. तिसऱ्या दिवशी काका ओसरीत रियाझ करत होते. तार जुनी आतड्याची, आवाज जाड आणि मऊ. आजोबा आतून आले, बाजूला बसले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सा जरा उतरलाय." बस. एवढंच बोलले. पण त्या दिवसापासून बास लावायचा झाला की काका आजोबांना हाक मारायचे, "नाना, जरा ऐका हो." आणि आजोबा तंबोऱ्याची खर्जाची तार छेडून सूर द्यायचे.

दोन्ही वाद्यांतली एक गंमत काकांना अंकलनी सांगितली होती. डबल बासच्या आत, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये, एक छोटी लाकडी काठी उभी असते. ती चिकटवलेली नसते, नुसती दाबावर उभी असते. ती हलली तर वाद्याचा आवाज मरतो. फ्रेंच लोक तिला 'आत्मा' म्हणतात. आजोबांनी हे ऐकून तंबोऱ्याच्या घोडीवरचा दोरा दाखवला. तार आणि घोडी यांच्या मध्ये जो बारीक धागा सरकवून झंकार आणतात, त्याला आपण 'जीवा' म्हणतो. आजोबा म्हणाले, "घ्या. त्यांचा आत्मा काठीत, आमचा जीव दोऱ्यात."

आता जॅझमध्ये बासवाला करतो काय, ते थोडक्यात सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला वीस वर्षं लागली. आपल्याकडे तंबोरा एकाच सा-पवर राहतो आणि गवई फिरतो. जॅझमध्ये पायाच फिरता असतो. चार मात्रांचा एक घास, आणि दर मात्रेला एक सूर. समजा पाया सा वरून म वर न्यायचा आहे. तर बासवाला वाजवेल सा, ग, प, आणि चौथ्या मात्रेला तीव्र म, की पुढच्या समेवर बरोबर शुद्ध म वर उतरला. बाकीच्यांना न सांगता कळतं की आता घर बदललं. याला ते लोक चालता बास म्हणतात. एक पाऊल, मग दुसरं पाऊल. ऐकणाऱ्याला वाटतं काही विशेष नाही, माणूस नुसता चालतोय. पण तो थांबला तर सगळ्यांचे पाय अडखळतात.

पूर्वी बासवाले नुसता ठेकाच धरायचे. १९३९ साली ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये जिमी ब्लँटन नावाचा मुलगा आला आणि त्याने या अजस्र वाद्यावर गाण्यासारख्या ताना घेऊन दाखवल्या. दोन-अडीच वर्षं वाजवलं, क्षयाने १९४२ साली गेला, वय अवघं २३. नंतरच्या प्रत्येक बासवाल्यावर त्याची छाप आहे. अंकल त्याचं नाव घेताना कानाला हात लावायचे, आपल्याकडे उस्तादांचं नाव घेताना लावतात तसा.

आणि एक नाव ते फार प्रेमाने घ्यायचे, यूजीन राइट. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक यांचा चौघांचा संच भारताच्या दौऱ्यावर आला होता. दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता ही नावं कोणीही ओळखेल, पण त्या दौऱ्यात आपलं राजकोटही होतं! अंकल रेल्वेचा पास काढून राजकोटला गेले होते. परत आल्यावर म्हणे महिनाभर दुसरा विषय नव्हता. पियानोवर ब्रूबेक, सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, ड्रमवर जो मोरेलो, आणि बासवर राइट. पुढच्याच वर्षी या चौघांनी 'टाइम आउट' नावाची रेकॉर्ड केली. तिच्यातली पाच मात्रांची चीज जगभर गाजली. पाच मात्रा म्हणजे तीन अधिक दोन. आपल्या झपतालाला दोन-तीन-दोन-तीन सवयीचं आहे, पण अमेरिकेतल्या नाचणाऱ्या पब्लिकला ते नवीन होतं. त्यांना त्यात हरवू न देण्याचं काम मागे उभ्या असलेल्या राइटचं.

याच राइटची दुसरी गोष्ट काका आम्हाला सांगायचे. चौघांत ते एकटे काळे होते. १९६० साली अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या पंचवीसेक कॉलेजांचा दौरा ठरला होता. बहुतेक कॉलेजांनी कळवलं की गोरा बासवाला घेऊन या, नाहीतर येऊ नका. ब्रूबेकनी ते कार्यक्रम सोडून दिले. केवढा पैसा गेला असेल! काका म्हणायचे, "बघ, मागच्या माणसासाठी पुढचा माणूस उभा राहिला. असं दर वेळी होत नाही."

हे ते उगाच म्हणत नव्हते. आमच्या घरात घडलेला एक प्रसंग सांगते. १९७०च्या दशकातला कार्यक्रम, कुठला ते महत्त्वाचं नाही. शेवटी निवेदकाने सगळ्या वादकांची नावं घेतली. गायक, गायिका, अकॉर्डियन, तबला, ढोलक, गिटार, बोंगोसुद्धा. टाळ्या झाल्या, पडदा पडला. काकांचं नाव राहिलं. मी शाळकरी होते, रडकुंडीला आले. घरी येताना सेव-उसळ खायला थांबलो तेव्हा विचारलं, "काका, तुमचं नाव का नाही घेतलं?" काका म्हणाले, "अगं, विसरले असतील." मग थोडं थांबून म्हणाले, "पण एक सांग, गाणी छान झाली का?" मी म्हटलं, हो. "मग झालं तर." पण त्यांनी प्लेट अर्धीच खाल्ली, ते मला आठवतंय.

लग्न ठरतानाही अशीच मजा. मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय वाजवतो? आजी म्हणाली, मोठं व्हायोलिन. त्यांनी विचारलं, मोठं म्हणजे किती मोठं? तेव्हा काकांनी बास दाखवला. काकू पुढे म्हणायच्या, "मला वाटलं, हे माझ्यासाठी घर बघतायत की याच्यासाठी?"

नंतर काकांनी बास गिटारही घेतली, कलकत्त्याची गिवसन. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन' नावाची बास गिटार बाजारात आणली होती. चार तारा, सूर तेच डबल बासचे, पण गळ्यात अडकवता येणारी, आणि दांडीवर पट्ट्या असल्यामुळे सूर चुकायची भीती कमी. टांग्याचा प्रश्न सुटला. सिनेमातही आता डबल बास मागे पडला. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बास गिटार ऐका, म्हणजे कळेल की खालचा सूर नुसता खांब नसतो, तो स्वतःही गातो.

पण गिटारमुळे दुसरा प्रश्न आला. तेव्हाच्या मांडवात असायचे कर्णे. भोंग्यासारखे, विजेच्या खांबाला बांधलेले. भाषणाला उत्तम, कारण माणसाचा आवाज लांब जातो. पण खालचा सूर कर्ण्यातून बाहेर पडतच नाही. काका नऊ रात्री गरब्यात वाजवायचे आणि मैदानावरच्या कोणालाही ते ऐकू जात नसे. मी विचारलं, मग वाजवता कशाला? म्हणाले, "ढोलवाल्याला ऐकू येतं ना. तो माझ्यावर चालतो, गरबा त्याच्यावर चालतो."

गरब्याच्या स्टेजवर काकांनी जे नियम पाळले ते सगळे अंकलकडून आलेले, म्हणजे पाहिलं तर जॅझचे. मला आठवतात ते लिहिते. आमच्या नातवंडांतलं कोणी वाजवत असेल तर उपयोगी पडतील.

पहिला, ढोलवाल्याच्या हाताकडे बघ, गायकाकडे नंतर. हींच सहा मात्रांची असते, त्यात तुझा सूर आणि ढोलचा जड ठोका एका वेळी पडला पाहिजे. एक केसभर पुढेमागे झालं तरी नाचणाऱ्याला कळत नाही काय चुकलं, पण पाय दमतो.

दुसरा, सूर कधी सुरू करायचा ते सगळ्यांना कळतं, कधी थांबवायचा ते बासवाल्यालाच कळावं लागतं. तार दाबून सूर बंद केला की मध्ये जागा राहते. त्या जागेतच टाळी पडते.

तिसरा, गायिका अंतरा विसरून थेट मुखड्यावर आली तर तिच्याबरोबर सगळ्यात आधी तू जा. तू गेलास की बाकीचे चुकूच शकत नाहीत. पब्लिकला वाटतं, असंच बसवलं होतं.

चौथा, चुकीचा सूर लागला तर घाबरायचं नाही. बरोबर सूर तिथून अर्ध्या पायरीवर असतो, वर नाहीतर खाली. चालत जायचं.

पाचवा, आणि हा काकांचा स्वतःचा: पेटी कुठल्या पट्टीत आहे ते आपल्या कानाने बघ. पेटीवाला सांगतो त्यावर जाऊ नको.

१९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली. सॉनी रोलिन्ससारखे लोक आले होते. काका रात्रीच्या गाडीने गेले, ऐकून परत रात्रीच्या गाडीने आले आणि स्टेशनवरून थेट पहिल्या पाळीला. आम्ही विचारलं, कसं झालं? म्हणाले, "मागे बसलो होतो. चेहरे नाही दिसले, बासवाल्यांचे हात दिसले. पुरे झालं."

मग कीबोर्ड आला. काळ असा विचित्र बघा. १९८२ साली चरणजित सिंग यांनी एक रेकॉर्ड काढली, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. हे गृहस्थ सिनेमाच्या गाण्यांत गिटार आणि बास वाजवणारे. त्या रेकॉर्डमध्ये त्यांनी रोलँड कंपनीचं एक छोटं यंत्र वापरलं, टीबी-३०३. ते यंत्र बनवलंच होतं बास गिटारवाल्याच्या जागी वापरायला. तेव्हा ना ते यंत्र खपलं, ना रेकॉर्ड. पण पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्रावर नव्या तऱ्हेचं नाचाचं संगीत काढलं, आणि जगाला उशिरा कळलं की मुंबईतल्या एका बासवाल्याने हे आधीच करून ठेवलंय.

आमच्या काकांच्या वाट्याला मात्र त्या बदलाची दुसरी बाजू आली. १९८८-८९ची नवरात्र. ऑर्केस्ट्राचे मालक घरी आले, चहा घेतला आणि जरा संकोचाने म्हणाले, "आता कीबोर्डवाला डाव्या हाताने बास करतो. एका माणसाचं मानधन वाचतं." काकांनी मान हलवली. भांडले नाहीत. त्या वर्षी सव्वीस-सत्तावीस वर्षांनी पहिल्यांदा ते नवरात्रात घरी होते. काकू म्हणाल्या, चला, या वर्षी तरी आपण दोघं गरबा बघायला जाऊ. गेले. अर्ध्या तासात परत आले. काका म्हणाले, "सगळं बरोबर वाजतंय. पण त्याचा डावा हात उजव्या हाताचंच ऐकतोय. ढोलचं कोणी ऐकत नाही."

आणि गंमत म्हणजे नेमका त्यानंतरच कर्ण्यांचा जमाना संपला. मोठमोठे पेटीचे स्पीकर आले, पंधरा आणि अठरा इंचांचे. ज्या खालच्या सुराला तीस वर्षं कोणी ऐकलं नव्हतं, तो एकदम सगळ्यात मोठा झाला. आज वरातीतला डीजे गेला की खिडक्यांच्या काचा हलतात, आपण वैतागून म्हणतो, "केवढा हा बास!" माझी विनंती आहे, त्याला बास म्हणू नका. ती धडधड आहे. बास म्हणजे चालणं, आणि चालायला अक्कल लागते.

काका २०१५ साली गेले. शेवटची काही वर्षं डबल बास त्यांच्या खोलीत उभा असायचा. वाजवायला बोटांत जोर नव्हता. पण संध्याकाळी येता-जाता एखादी तार अंगठ्याने छेडायचे. अख्ख्या घरात ती घुमायची.

तर आता पुराकडे परत येते. भाऊ भंगार म्हणाला आणि मी थांब म्हटलं. दोन-तीन ठिकाणी विचारलं. व्हायोलिनची दुरुस्ती करणारे एक गृहस्थ येऊन बघून गेले, आणि हसले. म्हणाले, "बाई, हे मोडलेलं नाही, उकललंय. सरसाने चिकटवलंय ना, पाण्यात सरस सुटतो. सरस वापरतात तो त्यासाठीच, की पुढेमागे उघडून दुरुस्त करता यावं. फेविकॉलने चिकटवलं असतं तर लाकूडच फाटलं असतं." फक्त उन्हात टाकू नका, सावलीत हळूहळू वाळू द्या, असं बजावून गेले.

सहा महिने त्या फळ्या माझ्या घरी गादीवर होत्या. घरच्यांनी चेष्टा केली. खर्चावरून थोडे वादही झाले, खोटं कशाला सांगू. भावाचं म्हणणं होतं की घराची भिंत आधी की हा बास आधी? त्याचंही चूक नव्हतं. शेवटी आम्ही चौघा भावंडांनी वर्गणी काढली. सांधे चिकटले, आतली काठी पुन्हा उभी राहिली, नवीन तारा आल्या. एका बाजूला पाण्याची रेघ राहिली आहे. ती काढू नका म्हणून मीच सांगितलं.

आता तो बास एका तरुण मुलाकडे आहे. युनिव्हर्सिटीत शिकतो, नवरात्रात गरब्याच्या ग्रुपमध्ये बास गिटार वाजवतो आणि मित्रांबरोबर जॅझ बसवतोय. पैसे घेतले नाहीत. भावाने एकच अट घातली, तीही माझ्या आधी: "कार्यक्रमात वादकांची नावं घेतील तेव्हा बासवाल्याचं नाव राहता कामा नये. राहिलं तर तू स्वतः माइक घेऊन सांगायचं." मुलगा लाजला, पण हो म्हणाला.

मागच्या महिन्यात त्यांचा छोटा कार्यक्रम झाला, चाळीसेक माणसं असतील. बास लावायचा झाला तेव्हा त्याने मोबाइल काढला, त्यावर सूर बघायला. मी घरून आजोबांचा तंबोरा नेला होता. म्हटलं, हे घे, यावर लाव. खर्जाची तार छेडली. त्याने डोळे मिटले, खुंटी पिळली, आणि दोन्ही सूर एक झाले तेव्हा मागे बसलेला माझा भाऊ उठून बाहेर गेला. पाणी प्यायला गेलो होतो, म्हणाला.

मंडळी, बडोद्यात अशी किती माणसं असतील! कोणाचे वडील ऑर्केस्ट्रात मागे ढोलक धरायचे, कोणाच्या आत्या भजनी मंडळात तंबोऱ्यावर बसायच्या, कोणाचे मामा बँडमध्ये ते मोठं पितळी वाद्य फुंकायचे. गायकांची नावं राहतात, ती राहणारच. पण तुमच्या घरात असं मागचं कोणी होतं का, ते आज आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारा. वाद्य असेल तर फोटो काढून ठेवा. आणि त्यांनी कोणाच्या मागे, कुठे, किती वर्षं वाजवलं, तेवढं तरी वहीत लिहून ठेवा.

आमच्या वहीत मी लिहिलंय. धाकटे काका, डबल बास आणि बास गिटार, दांडिया बाजार, १९६२ ते १९८८.